उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

सोमवारची सकाळ. सात वाजले आहेत. वाडीवरची मुले दप्तरे घेऊन रस्त्याकडेला उभी आहेत. इकडे ड्रायव्हरने जीपमध्ये बसून किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्'. गाडी काही उठेना. दिवे लावून पाहिले, तर तेही काजव्यासारखे मिणमिणले. शनिवारी दुपारी हीच गाडी धडधडत आली होती. रविवारी तिला कोणी हातसुद्धा लावला नाही. मग बॅटरीतली वीज गेली कुठे?

ही आमच्या गावच्या शाळेच्या जीपची हकिगत आहे. साल २०१६. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात आमचे गाव आहे. वाड्या लांब लांब. मुलांना आणायला-पोचवायला शाळेने एक जुनी डिझेल जीप घेतली होती. शनिवारी शाळा सकाळची. गाडी दुपारी एकला छपरीत उभी राही, ती सोमवारी सकाळी सातला बाहेर पडे. त्या गाडीचे आणखी एक काम होते. गावात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर तीच गाडी त्याला १९ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या दवाखान्यात नेई.

दिवाळी झाली आणि गाडीने हा खेळ सुरू केला. मंगळवार ते शनिवार नीट चाले. सोमवारी मात्र अडे. बॅटरीच्या दुकानदाराने बॅटरीकडे नुसते पाहिले आणि सांगितले, "ही संपली. नवी घ्या." घेतली. साडेसात हजार रुपये मोजले. पहिला सोमवार कसाबसा निभावला. दुसऱ्या सोमवारी पुन्हा 'टक्'!

आता बोट ड्रायव्हरकडे वळले. तो गावातलाच तरुण. कोणी म्हणाले, "रविवारी गाडीत बसून गाणी ऐकत असेल." कोणी म्हणाले, "दिवा चालू ठेवून जातो, दुसरे काय?" शाळेच्या कमिटीने ठरवून टाकले, की बॅटरीचे पैसे त्याच्या पगारातून दरमहा एक हजार रुपये कापायचे. तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, देवाशप्पथ सांगतो. रविवारी मी छपरीकडे फिरकतसुद्धा नाही. किल्ली घरात खुंटीला असते." आम्ही 'बघू' म्हटले. खरे सांगायचे तर, आमच्याही मनात संशय होताच. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

मग एका रविवारी रात्री नऊला गावातली एक बाई अडली. पहिलटकरीण. तिला गाडीत निजवले. किल्ली फिरवली. इंजिन कण्हले आणि थांबले. शेवटी आठ-दहा जणांनी गाडी उतारापर्यंत ढकलत नेली. ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा कुठे ती चालू झाली. बाई सुखरूप बाळंत झाली. पण त्या रात्री सगळ्यांच्या ध्यानात आले, की हा प्रश्न आता साडेसात हजारांचा राहिला नाही.

कारण काय सापडले ते पुढे येईलच. आधी बॅटरी म्हणजे काय ते पाहू. ते कळल्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही.

मोटारीच्या बॅटरीत एकाला एक लागून सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या उभ्या असतात. एक पट्टी साध्या शिशाची, तर दुसरी शिसे आणि प्राणवायू यांच्या संयुगाची. पट्ट्यांमध्ये पाणी घातलेले गंधकाचे ॲसिड असते. प्रत्येक खण दोन व्होल्टांहून थोडा जास्त दाब देतो. सहा खणांचे मिळून साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट होतात. शिशाची ही बॅटरी गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली प्रथम तयार केली. त्या वेळी रस्त्यावर मोटारी नव्हत्या. मोटारी आल्या, गेल्या, बदलल्या; बॅटरीतले शिसे आणि ॲसिड मात्र अजून तेच आहे.

बॅटरीतून वीज काढली की ॲसिडातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि ॲसिड पाणचट होते. बॅटरी चार्ज केली की तो अंश पट्ट्या सोडून पुन्हा ॲसिडात येतो. एवढाच हा कारभार आहे. पण उतरलेली बॅटरी तशीच आठवडा-पंधरा दिवस पडू दिली, तर पट्ट्यांवरचा तो थर कडक होतो. मग तो सहजी सुटत नाही. घागरीत क्षार धरावा, तसे होते. घागर तेवढीच दिसते, पण पाणी कमी मावते. म्हणून बॅटरी एकदा उतरली तर लगेच चार्ज करावी. 'पुढच्या बाजारी बघू' म्हणू नये. पुनःपुन्हा पूर्ण उतरणारी नवी बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत म्हातारी होते.

बॅटरीला आपण पाण्याची टाकी समजू. टाकी सकाळी रिकामी आढळली, तर कारणे तीनच असू शकतात. टाकीच फुटकी असेल. नाहीतर ती कधी पुरती भरलीच नसेल. नाहीतर कुठला तरी नळ रात्रभर ठिबकत असेल. गाडीचेही तसेच आहे. बॅटरी जुनी झाली असेल, किंवा इंजिन चालताना ती पुरती चार्ज होत नसेल, किंवा गाडी उभी असताना कुठून तरी करंट गळत असेल. आपले लोक काय करतात? टाकी रिकामी दिसली की टाकी बदलतात! आमच्या कमिटीने तेच केले. नळ ठिबकत राहिला आणि नवी टाकीही रिकामी झाली.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तपासावे. फुकटचे काम आधी, पैशाचे मागून.

प्रथम बॅटरीचे दोन खुंटे पाहावेत. मिस्त्री लोक त्यांना टर्मिनल म्हणतात. त्यांवर पांढरी-हिरवट बुरशी चढलेली असते आणि वायरीची पकड सैल असते. अशा वेळी बॅटरीत वीज असूनही ती स्टार्टरपर्यंत पोचत नाही. लोक म्हणतात बॅटरी उतरली. ती उतरलेली नसतेच. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून बुरशी धुवावी. झाकणे घट्ट लावलेली असावीत, सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. मग कोरड्या फडक्याने पुसून पकड आवळावी. बॅटरीची पाठही कोरडी ठेवावी. तेथे ओली घाण साचली, तर एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे थोडा थोडा करंट तिच्यातूनही वाहतो.

नंतर बॅटरीतले पाणी पाहावे. पट्ट्या बुडलेल्या असल्या पाहिजेत. कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे नको, नळाचे नको. उकळून गार केलेलेही नको, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. ॲसिड तर मुळीच घालू नये. हल्ली पुष्कळ बॅटऱ्या बंद तोंडाच्या येतात. त्या उघडण्याच्या फंदात पडू नये.

आणि एक गोष्ट बजावून सांगतो. पाणी पाहायला काडी ओढू नका. बॅटरीपाशी विडी ओढू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो ठिणगीने भडकतो, बॅटरी फुटते आणि ॲसिड थेट डोळ्यांत उडते. अंधार असेल तर विजेरी घ्या. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. ॲसिड अंगावर उडालेच, तर भरपूर पाण्याने धूत राहा. डोळ्यांत गेले तर पंधरा-वीस मिनिटे पाणी मारा आणि तडक डॉक्टर गाठा.

आता आमच्या जीपकडे वळू. त्या रात्रीनंतर आम्ही तालुक्याच्या गावी एका वायरिंगच्या मिस्त्रीकडे गेलो. तो आमचाच जुना विद्यार्थी. शाळेत असताना गणितात कच्चा होता. त्या दिवशी त्याने आम्हांलाच गणित शिकवले.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, गाडी फक्त सोमवारीच का अडते?" आम्ही गप्प. साधा प्रश्न, पण कोणाला सुचला नव्हता. तो म्हणाला, "बॅटरी खराब असती, तर ती वार पाहून खराब झाली नसती."

मग त्याने बॅटरी सोडवून घेतली आणि चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी मीटर लावून व्होल्ट मोजले. मल्टिमीटर नावाचे हे लहान यंत्र आहे. साधे यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळते. बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मग मोजावी, म्हणजे खरा आकडा कळतो. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली समजावी. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे तळाला पाव भाग उरला. पाहा, १२ व्होल्टाच्या बॅटरीत १२ व्होल्ट दिसले, म्हणून पुष्कळ जण खूश होतात. पण ती बहुतेक उतरलेलीच असते!

आमची बॅटरी १२.६ वर होती. मिस्त्रीने ती गाडीला न जोडता दोन दिवस दुकानात ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, "खाली फळी टाका, नाहीतर जमीन करंट ओढते." मिस्त्री हसला. हा समज जुना आहे. आजच्या बॅटरीचे खोके प्लॅस्टिकचे असते. जमीन त्यातून काही ओढत नाही. दोन दिवसांनी मोजले, तर आकडा जवळजवळ तोच. म्हणजे टाकी फुटकी नव्हती. दुकानदाराने आम्हांला जी पहिली बॅटरी टाकायला लावली, तीही बहुधा फुटकी नव्हती. ती तपासलीच कोणी नव्हती. हीच परीक्षा तुम्हीही घरी करू शकता. हिला खर्च नाही. भरलेली बॅटरी नुसती ठेवली असता दोन दिवसांत उतरली, तर दोष बॅटरीचा. ती सुटी असताना टिकली आणि गाडीत बसवल्यावर उतरली, तर दोष गाडीचा.

नंतर बॅटरी गाडीत बसवून इंजिन चालू केले. चालत्या इंजिनावर टर्मिनलपाशी साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे दिसले तर बॅटरी चार्ज होते आहे. तेवढे दिसत नसतील, तर आधी पट्टा सैल आहे का ते पाहावे. आमच्या गाडीचा आकडा थोडा कमी होता, पण चार्जिंग होत होते. म्हणजे टाकी भरतही होती.

राहिला ठिबकणारा नळ.

तो शोधण्याची रीत अशी. गाडी बंद करावी. किल्ली काढावी. सगळे दिवे बंद, सगळी दारे बंद. बॅटरीचा उणे टर्मिनल, म्हणजे मायनस, त्याची वायर सोडवावी. आता ही सुटी वायर आणि तो टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडावा. मीटरची लाल वायर '१० अँपियर' लिहिलेल्या भोकात असावी आणि बटण अँपियरवर असावे. गाडीत येणारा-जाणारा सगळा करंट आता मीटरमधून जातो. मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नये. स्टार्टर शे-दोनशे अँपियर ओढतो. मीटर तिथल्या तिथे जळेल.

मीटर नसेल तरी अडत नाही. गाडीच्या ब्रेकच्या दिव्याचा बल्ब वायरी लावून तसाच मध्ये जोडावा. बल्ब पेटला तर मोठी गळती आहे. अगदी बारीक गळती मात्र बल्बाला कळत नाही.

एखादा म्हणेल, गाडी बंद असताना थोडासुद्धा करंट जाता कामा नये. तसे नाही. नव्या गाड्यांत घड्याळ असते, चोरघंटा असते, लहान संगणक असतो. ते झोपेतही थोडे खातात. अँपियरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपियर. नव्या गाडीत ५० मिलिअँपियरपर्यंत गेले तर चालते. शिवाय या गाड्या बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबून मगच आकडा वाचावा. आमच्या जुन्या जीपमध्ये असले काही नव्हते. तिचा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा होता.

मीटरवर आकडा आला १.२. मिलिअँपियर नव्हे, पुरे १.२ अँपियर!

मिस्त्रीने भिंतीवर खडूने हिशेब मांडला. बॅटरी ७५ अँपियर-तासांची. म्हणजे ढोबळ मानाने एक अँपियर करंट ७५ तास पुरेल. आठवड्यात गाडी संध्याकाळी सहाला उभी राहते आणि सकाळी सातला निघते. तेरा तास. १३ गुणिले १.२ म्हणजे साधारण १६. पंचाहत्तरातले सोळा गेले तरी गाडी उठते. दिवसाच्या फेऱ्यांत ते भरून निघतात. पण शनिवार दुपारी एक ते सोमवार सकाळी सात म्हणजे ४२ तास. ४२ गुणिले १.२ म्हणजे पन्नास. पंचाहत्तरातून पन्नास गेले, राहिले पंचवीस. तेवढ्यावर नवी बॅटरी थंड डिझेल इंजिन एखादवेळ उठवील. पुनःपुन्हा उतरून थकलेली बॅटरी उठवणार नाही.

सोमवारचे कोडे सुटले. ड्रायव्हर त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत उभा होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी काही केलं नव्हतं." आम्ही म्हटले, "नाही रे बाबा. नव्हतं केलंस."

पण चोर अजून सापडला नव्हता. त्यासाठी फ्यूज काढून पाहतात. गाडीत फ्यूजची पेटी असते. एक फ्यूज दिव्यांचा, एक हॉर्नचा, एक टेपचा, असे ते वाटलेले असतात. मीटर जोडलेला ठेवून एकेक फ्यूज काढायचा आणि आकड्याकडे पाहायचे. आकडा उतरला नाही, तर तो फ्यूज जागच्या जागी परत लावायचा आणि पुढचा काढायचा. ज्या फ्यूजबरोबर आकडा झपकन खाली येईल, त्याच्या वायरीवर चोर आहे.

बहुतेक वेळा चोर अगदी साधा असतो. सामान ठेवायच्या कप्प्यातला किंवा डिकीतला दिवा झाकण लावले तरी विझत नाही. झाकण बंद असल्याने तो कोणाला दिसतही नाही. तो पाच वॅटचा एवढासा दिवा असतो, पण ०.४ अँपियर खातो. दिवस-रात्रीत दहा अँपियर-तास गेले! लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. तीन-साडेतीन दिवसांत तिचा निकाल लागतो. दुसरा नेहमीचा चोर म्हणजे मागाहून बसवलेल्या वस्तू. गाण्यांचा ॲम्प्लिफायर, रंगीत दिव्यांची माळ, मोबाइलचा चार्जर, मोठा हॉर्न. बसवणारा घाईत असतो. तो वायर सरळ बॅटरीवर नेऊन जोडतो. मग किल्ली काढली तरी ती वस्तू जागीच राहते. अशी वस्तू किल्लीच्या मागच्या वायरीवर, आणि मध्ये फ्यूज घालूनच जोडून घ्यावी. पैसे देताना बसवणाऱ्याला तसे विचारावे. विचारायला लाजू नये.

आमच्या जीपचे सगळे फ्यूज काढून झाले. आकडा जागचा हलला नाही. १.२ तो १.२. आम्हांला वाटले, संपले आता, सगळ्या वायरी उसकाव्या लागणार. मिस्त्रीने मात्र बॉनेटखाली हात घातला आणि आमचा हात धरून एका गोल लोखंडी यंत्रावर टेकवला. "लावून पाहा, गुरुजी." गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद होती. इंजिन थंडगार. आणि ते यंत्र कोमट लागले!

ते यंत्र म्हणजे अल्टरनेटर. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला अजून डायनॅमो म्हणतात. पट्ट्याने इंजिन त्याला फिरवते आणि तो वीज तयार करून बॅटरी भरतो. त्याच्यापासून निघणारी जाड वायर आमच्या जीपमध्ये फ्यूजच्या पेटीतून न जाता सरळ बॅटरीकडे जाते. म्हणून फ्यूज काढून तिचा पत्ता लागला नाही.

पण वीज भरणारे यंत्रच वीज खाईल कसे? विहिरीवरचा पंप आठवा. नळीच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्यात काटकी अडकली की काय होते? पंप बंद केल्यावर नळीतले पाणी गुपचूप विहिरीत उतरते. अल्टरनेटरमध्ये असेच विजेचे व्हॉल्व्ह असतात. त्यांना डायोड म्हणतात. साधारण सहा मोठे डायोड असतात. ते विजेला बॅटरीकडे जाऊ देतात, परत फिरू देत नाहीत. त्यांतला एखादा बिघडला, तर गाडी चालताना बॅटरी भरते, आणि गाडी थांबली की तीच वीज उलटी अल्टरनेटरमध्ये गळते व उष्णता होऊन जाते. म्हणून ते यंत्र कोमट होते. म्हणून चार्जिंगचा आकडाही थोडा कमी होता.

खात्री करायची राहिली होती. मिस्त्रीने आधी बॅटरीचा उणे टर्मिनल पुरता सोडवला. हे विसरायचे नाही. अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. मग त्याने ती जाड वायर सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. पुन्हा मीटर जोडला. आकडा शून्यावर आला होता.

अल्टरनेटर उघडून डायोडची पाटी बदलली. मजुरीसकट खर्च आला एक हजार दोनशे रुपये. बॅटरीला आधीच साडेसात हजार घातले होते.

आता बॅटरी सोडवणे-जोडणे याबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही हे करून पाहाल तेव्हा चूक येथेच होते. सोडवताना नेहमी उणे टर्मिनल आधी सोडवावा. जोडताना तो शेवटी जोडावा. का? गाडीचा सगळा पत्रा उण्याला जोडलेला असतो. अधिक म्हणजे प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर बॅटरीची सगळी शक्ती त्या पान्यातून धावते. पाना लाल होतो, हात भाजतो. उणे आधीच सुटलेला असेल, तर पाना लागला तरी काही होत नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची असेल, तर आधी प्लसला प्लस जोडावा. मग उण्याची केबल चांगल्या बॅटरीच्या उण्याला लावावी आणि तिचे दुसरे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये, म्हणून हे दूर जाणे. गाडी चालू झाल्यावर उलट क्रमाने केबली काढाव्यात. अशी चालू केलेली गाडी अर्धा तास फिरवली म्हणजे बॅटरी भरली, असे समजू नका. ती चार्जरवर रात्रभर सावकाश भरून घ्यावी.

नव्या मोटारींत मात्र जपून. त्यांच्या बॅटरीची वायर सोडवली की कधी कधी घड्याळ, रेडिओ, काचांची बटणे पुन्हा जुळवावी लागतात. विजेवर किंवा अर्धी विजेवर चालणारी गाडी असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना बोटसुद्धा लावू नये. त्यांतला दाब माणूस मारणारा असतो. तेथे आपली हुशारी नको.

चांगली सांभाळलेली बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे जाते. उन्हाची झळ जास्त तेथे कमी जाते. तिचे वय झाले की बदलावीच लागते, त्याला इलाज नाही. जुनी बॅटरी फोडून शिसे काढायचा उद्योग कोणी घरी करू नये. शिशाची धूळ आणि धूर विषारी असतो. लहान मुलांच्या डोक्यावर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. जुन्या बॅटऱ्या गोळा करून नीट वितळवण्याची जबाबदारी २०२२ सालच्या सरकारी नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. जुनीचे थोडेफार पैसेही दुकानात मिळतात.

आमच्या जीपचे काम झाल्यावर आम्ही मिस्त्रीकडून तो भिंतीवरचा हिशेब कागदावर लिहून घेतला आणि कमिटीपुढे ठेवला. दोन सभासदांना गुणाकार समजावून सांगावा लागला. ड्रायव्हरच्या पगारातून दोन महिने कापलेले दोन हजार रुपये त्याला परत मिळाले. चूक झाली, असे कोणी तोंडाने म्हटले नाही. आम्ही मात्र त्याच्या घरी जाऊन म्हटले. त्याच्या आईने चहा केला.

त्या दिवसापासून ड्रायव्हरने एक सवय लावून घेतली. सोमवारी सकाळी किल्ली लावण्याआधी तो बॉनेट उघडतो आणि अल्टरनेटरवर तळहात ठेवतो. तो गार लागला की बॉनेट लावतो, आणि मग वाडीवरच्या मुलांना आणायला निघतो.